शंभराच्या आत मशीन असतील तर अँटिव्हायरसचे ग्रुप करूच नयेत म्हणे!

कन्सोलकर:
काल ‘एकटा_आयटी’ यांनी लिहिलंय की शंभराच्या आत मशीन असतील तर अँटिव्हायरसच्या कन्सोलमध्ये (जिथून सगळ्या मशीनचा अँटिव्हायरस एका जागी बसून सांभाळतात) ग्रुप पाडत बसू नये. सगळी डिफॉल्ट ग्रुपमध्ये, एक पॉलिसी म्हणजे सगळ्यांना एकच नियम, विषय संपला. खाली लोकांनी अंगठेही दिलेत. राहवलं नाही म्हणून हा वेगळा धागा.

आमच्या कारखान्यात ८४ मशीन आहेत. त्यातली नऊ शॉपफ्लोअरवर, अजून विंडोज ७, कारण त्यांचं सॉफ्टवेअर त्यापुढे चालतच नाही. दोन सर्व्हर. डिस्पॅचला चार जीबी रॅमचा एक म्हातारा पीसी, त्याला बारकोड प्रिंटर. शिवाय मालकांचा लॅपटॉप, तो आठवड्यातले चार दिवस ऑफिसच्या नेटवर्कवर नसतोच. या सगळ्यांना एकच पॉलिसी? सकाळी दहाला फुल स्कॅन लावला तर डिस्पॅचचा माउस बारापर्यंत हलत नाही आणि खाली टेम्पोवाला शिव्या देतो. स्कॅन काढला तर लॅपटॉप सहा महिने तसाच फिरतो. सगळे डिफॉल्टमध्ये म्हणजे सगळ्यात रडक्या मशीनला झेपेल तेवढंच संरक्षण सगळ्यांना.

आणि ग्रुप खात्याप्रमाणे पाडणाऱ्यांनाही कोपरापासून नमस्कार. एचआरच्या आणि परचेसच्या पीसीत फरक काय, खुर्चीचा? मशीन बंद पडलं तर कोण किती बोंबलतं, यावरून ग्रुप पाडायचे. आमचे चार आहेत: सर्व्हर, फ्लोअर, फिरते लॅपटॉप, बाकीचे. पाचवा ‘आधी यांच्यावर’. बाकीच्यांतून उचललेली सहा मशीन. नवं काहीही पहिल्यांदा तिथे, दोन दिवसांनी सगळीकडे. २१ एप्रिल २०१० विसरलात का? मॅकाफीच्या ५९५८ नंबरच्या डॅट फाइलने (व्हायरस ओळखायच्या यादीने) विंडोज एक्सपीतल्या एसव्हीसीहोस्टलाच, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्याच फाइलला, व्हायरस ठरवलं आणि मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसली.

एकटा_आयटी:
निबंध छान आहे. तुमच्या हाताखाली किती माणसं, तेवढं सांगा. मी ६० मशीन, प्रिंटर, सीसीटीव्ही, अंगठ्याचं मशीन आणि साहेबांच्या मुलीचा मोबाइल एकटा बघतो.

आता माझी गोष्ट ऐका. माझ्या आधीच्या माणसाने सात ग्रुप करून ठेवले होते. त्यातला एक ‘टेस्टिंग२’. ईआरपीवाल्याने (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर देणाऱ्याने) “अपडेटपुरतं अँटिव्हायरस बंद करा” म्हणून सांगितलं, तेव्हा त्याने तो केला, रिअलटाइम, म्हणजे सतत चालणारी तपासणी, बंद करून. अपडेट झालं, माणूस नोकरी सोडून गेला, ग्रुप राहिला. आत एकच मशीन, रिसेप्शनचं. चौदा महिने उघडं. आणि कन्सोलवर हिरवं! पॉलिसीत ‘बंद’ लिहिलंय, मशीनवर बंद आहे, म्हणजे सगळं बरोबर. मला कळलं कधी, तर रिसेप्शनच्या मॅडमनी विचारलं, “फाइलींच्या नावांपुढे हे काय आलंय?” रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या होत्या. रात्री साडेतीनपर्यंत बॅकअप ओढत होतो. डिफॉल्टमध्ये निदान कुणी लपून बसत नाही.

जुनं_खोड:
वरच्या पॉलिसीत रिअलटाइमला कुलूप लावलं असतं तर खालच्या ग्रुपला ते बंदच करता आलं नसतं. कॅस्परस्कीत तर अक्षरशः कुलपाचं चित्र असतं.

एकटा_आयटी:
कुलूप लावणारा आणि ग्रुप करणारा माणूस एकच होता हो.

वऱ्हाडी_वायर:
दोघंही उगाच भांडून राह्यले भाऊ. कन्सोलमधला ग्रुप म्हणजे भिंत नव्हे, खाली वायर एकच आहे. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला आणि आपल्या जेएनपीटीतलं मर्स्कचं टर्मिनल ठप्प झालं. त्या किड्याने कोण कोणत्या ग्रुपात आहे हे इचारलं काय? आधी व्हीलॅन पाडा, म्हणजे नेटवर्कचेच वेगळे कप्पे करा, मग हे खेळ.

कन्सोलकर:
विंडोज ७ वाली नऊ वेगळ्या व्हीलॅनवरच आहेत. मी लिहिलं नाही म्हणजे केलं नाही असं नसतं.

लेजरबाई:
आयटीवाले बोलताहेत म्हणून गप्प होते. पण आम्ही अकाउंट्सवाले जेवतो साडेबारा ते एक, आणि आमच्या हुशार आयटीने स्कॅन लावलाय बरोबर एकला. परत येऊन टॅली उघडलं की गोल फिरतंय. वर जीएसटीचं थ्रीबी भरायला डिजिटल सहीचं टोकन लावलं तर कोपऱ्यात लाल पट्टी, ‘डिव्हाइस ब्लॉक्ड’. आयटीला फोन केला तर मलाच विचारतो, “मॅडम, तुम्ही कोणत्या ग्रुपमध्ये आहात?” मी फक्त माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे बाबा.

जुनं_खोड:
😀 ताई, काही टोकनमध्ये ड्रायव्हरसाठी छोटी सीडी असल्यासारखं दिसतं. अँटिव्हायरसमधला डिव्हाइस कंट्रोल (बाहेरून लावलेल्या वस्तू अडवणारा) तिलाच अडवतो. त्याला सांगा, परवानगी त्या टोकनच्या नंबरला द्या, ग्रुपला नको. ग्रुपला दिली की अख्ख्या अकाउंट्सचे पेनड्राइव्ह सुरू.

एकटा_आयटी:
आणि मग झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेनड्राइव्ह येतो. अकाउंट्सवाल्यांना कधी नाही म्हणून बघा, थेट साहेबांचा फोन. डेटा फोल्डर स्कॅनमधून वगळा, एक्सई (प्रोग्रामची फाइल) वगळा, शेवटी अख्खा डी ड्राइव्ह वगळा! स्कॅन करायला उरतं काय, वॉलपेपर?

लेजरबाई:
डी ड्राइव्ह वगळा असं मी सांगितलं का? ते तुमचा ईआरपीवाला सांगतो. त्याच्यापुढे तोंडातून शब्द फुटत नाही आणि आमच्यावर आवाज.

ईआरपी_सपोर्ट:
ईआरपीवाल्यांना बदनाम करायचं ठरलंच असेल तर ऐका. आमची एक्सई अँटिव्हायरस क्वारंटाइनमध्ये (कोंडवाड्यात) टाकतो आणि रात्री अकराला फोन मला येतो, “तुमचं सॉफ्टवेअर उडालं.” फक्त एक फोल्डर वगळायला सांगितलं तर तो नेमका कुठे वगळायचा हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून आमची पोरं म्हणतात, पूर्ण ड्राइव्ह वगळा.

कन्सोलकर:
म्हणजे आळशीपणा तुमचा आणि भोक आमच्या भिंतीला. वा!

ईआरपी_सपोर्ट:
आळशी कुणाला म्हणताय? कन्सोलचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, तुमच्यासारख्याच एका ‘कन्सोलकरा’कडे.

वऱ्हाडी_वायर:
घ्या. व्हीलॅनबद्दल कोणीच बोलून नाही राह्यलं.

जुनं_खोड:
मूळ मुद्द्यावर येतो. कन्सोलकर, तुमचा तो ‘आधी यांच्यावर’ ग्रुप १९ जुलै २०२४ ला काही कामाचा नव्हता. आपल्याकडे सकाळचे ९:३९ झाले होते, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीची फाइल सुटली आणि ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर बंद. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. एक व्हर्जन मागे राहायची पॉलिसी नीट लावलेलेही आडवे झाले, कारण ती पॉलिसी सेन्सरच्या, म्हणजे मशीनवर बसणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामच्या, व्हर्जनला होती. ही फाइल दुसऱ्या वाटेने सगळ्यांना एकदम गेली.

कन्सोलकर:
हे मान्य. लिहिताना बोटं दुखताहेत, पण मान्य. फक्त पुढचंही सांगा की. त्या फाइली कधी घ्यायच्या हे ठरवायची सोय त्यांनी नंतर ग्राहकांना दिली. म्हणजे ग्रुपच लागले ना शेवटी?

एकटा_आयटी:
लागले बुवा, लागले. दोन करतो. सर्व्हर आणि बाकीचे. तिसरा मागू नका.

कन्सोलकर:
लॅपटॉप?

एकटा_आयटी:
लॅपटॉप एकच आहे, साहेबांचा. त्यावर अँटिव्हायरस टाकू देतात कुठे?

लेजरबाई:
ते राहू दे. टोकनचा नंबर कुठून काढायचा ते कुणी सांगेल का? माझ्या आयटीने फोन बंद केलाय आणि उद्या २० तारीख आहे.