नुसती रामधून म्हणजे गांधीजींची प्रार्थना नव्हे

बेळगावच्या टिळकवाडीत, १९२४च्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण असलेल्या काँग्रेस विहिरीपाशी, २ ऑक्टोबरला सर्वधर्म प्रार्थना घ्यायची तर ‘रघुपती राघव’ पुरे, असं एकानं सुचवलंय. नाही हो. धून शेवटाकडे यायची. (तिची प्रचलित चाल कुरुंदवाडचे गायक विष्णु दिगंबर पलुस्कर यांची मानतात, म्हणजे आपल्या भागातलीच.) गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातल्या क्रमात आधी जपानी बौद्ध मंत्र, दोन मिनिटं शांतता, मग ईशावास्य उपनिषदातला श्लोक, पुढं फातिहा (कुराणातला पहिला अध्याय), पारशी प्रार्थना, भजन, धून. संध्याकाळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे १९ श्लोक, ५४ ते ७२. हे सावकाश म्हणा. घाईत जोडाक्षरं गिळली जातात आणि मागच्या रांगा गप्प होतात. मराठीतच हवं तर विनोबांची गीताई आहे.

‘उगाच वाद नको’ म्हणून फातिहा गाळायचा बेत असेल तर कार्यक्रमच करू नका. १९४७ला दिल्लीत तिला हरकत घेतली गेली, तेव्हा गांधीजींनी तेवढाच भाग वगळला नाही, त्या दिवशीची प्रार्थनाच थांबवली.

फलकावर ‘सत्य हाच ईश्वर – बेळगाव १९२४’ असं छापू नका. तेव्हा गांधीजी ‘ईश्वर हे सत्य’ म्हणत. वाक्य उलटलं नंतर. १९३१ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये त्यांनी त्याचा उलगडा केला.