स्मृतिभ्रंश सांभाळताना : खानदेशातल्या घरांसाठी अनुभव धागा

"वय झालं, विसरणारच" असं म्हणत आपल्याकडे आजाराची पहिली वर्षं निघून जातात. ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांनी लिहा. धीराचे शब्द नकोत, घरात करता येईल ते सांगा.

निवृत्त परिचारिका, भुसावळ

उन्हाळ्याचं आधी. पारा 45च्या पुढे जातो तेव्हा या रुग्णांना तहान लागल्याचं कळत नाही, कळलं तरी सांगता येत नाही. "पाणी हवं का?" विचारलं की "नको" येतं, म्हणून विचारू नका. दर तासाला अर्धा पेला हातात द्या आणि सोबत आपणही प्या. पाणी नको असेल तर ताक, पन्हं, कलिंगडाच्या फोडी. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

गच्चीवर किंवा धाब्यावर झोपवणं पूर्ण बंद. रात्री उठल्यावर आपण कुठे आहोत हे त्यांना उमगत नाही आणि कडेचा अंदाज राहत नाही. खालीच, कूलरजवळ झोपवा. संडासापर्यंत मंद दिवा रात्रभर चालू ठेवा.

एक-दोन दिवसांत अचानक बरळणं, भास, सतत झोप सुरू झाली तर "आजार वाढला" म्हणून बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, ताप, रक्तातलं सोडियम (मीठ) घटणं, नवी गोळी यातलं काहीतरी असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टर, धुळे

निदानाआधी बी-12 जीवनसत्त्व, थायरॉइड, सोडियम, साखर आणि मेंदूचा स्कॅन व्हायलाच हवा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 कमी होऊ शकतं. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, त्यांनी गोंधळ वाढतो. डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशावरच्या गोळीने आजार बरा होत नाही. काहींची लक्षणं काही काळ सावरतात. मळमळ झाली, नाडी मंद झाली किंवा चक्कर आली तर कळवा.

घरी जाऊन सेवा करणारी, अमळनेर

अंघोळीला नकार बहुतेक वेळा भीतीने येतो. डोक्यावर अचानक पाणी पडलं की माणूस बिथरतो. टॉवेल, कपडे, साबण आधीच मोरीत मांडा. पाठ असलेल्या स्टुलावर बसवा, खांद्यावर टॉवेल राहू द्या. पाणी स्वतःच्या कोपराला लावून बघा, मग आधी पायांवर, नंतर हातांवर. डोकं शेवटी, ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं.

कोरडी भाकरी घशात अडकते. दुधात किंवा पातळ वरणात कुस्करून मऊ करा. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून लहान घास द्या. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. पाण्याने वरचेवर ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा.

शिक्षिका, साक्री

नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी मागे पडते. नातवंडांचं प्रमाण मराठी समजेनासं झालं तर अहिराणीत बोला : "माय, भूक लागनी का?" एका वेळी एकच वाक्य, समोर बसून. "मला ओळखलं का?" ही परीक्षा नको, आपणच नाव आणि नातं सांगायचं.

वकील, नंदुरबार

मृत्युपत्र, बँकेचं नामनिर्देशन समज शाबूत असतानाच करा. साधं मुखत्यारपत्र समज गेल्यावर कायद्याने टिकत नाही. उशीर झाला तर कोर्टाची वाट धरावी लागते.

आरोग्य कार्यकर्ता, जळगाव

धोका कमी करण्याचं काम चाळिशीतच सुरू व्हावं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024च्या अहवालात बदलता येतील अशी 14 कारणं आहेत आणि ती सगळी दूर झाली तर सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा अंदाज आहे. आपल्याकडे मला रक्तदाब आणि बहिरेपणा सर्वांत दुर्लक्षित वाटतात. शेव, पापड, लोणचं रोज पानात असेल तर मीठ किती जातं ते मोजा. कमी ऐकू आलं तर आधी कानातला मळ तपासा, मग श्रवणयंत्र. यंत्र डबीत ठेवून उपयोग नाही. साखर, बिडी, मोतीबिंदू, डोक्याला मार लागू नये म्हणून हेल्मेट हेही त्याच यादीतलं.

आणि सांभाळणाऱ्या सुनेला आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाऊ द्या. मागे राहणाऱ्यासाठी एक कागद भिंतीला लावा : गोळ्यांच्या वेळा, संडासची वेळ, कशाने घाबरतात, कशाने शांत होतात, डॉक्टरांचा नंबर. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 त्यावरच लिहा.