‘रजाकार’ : अर्थ, वापर आणि शिवी (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तेरणाकाठ

लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मी पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला (1948 साली निजामाचं हैदराबाद राज्य भारतात आलं तो दिवस), मुलं दरवर्षी छोटं नाटक बसवतात. तीन वर्षं रजाकाराचं काम एकाच मुलाकडे आलं, कारण वर्गात तो एकटाच मुसलमान. पहिल्या वर्षी त्याला मजा वाटली, लाकडी बंदूक हातात मिळाली म्हणून. आता सातवीत तो हजेरीला उभा राहिला की मागच्या बाकावरून ‘रजाकार’ असा आवाज येतो. कबड्डीच्या मैदानावरही तेच नाव. परवा त्यानं मला विचारलं, “बाई, रजाकार म्हंजे मुसलमान का?”

मी नाही म्हणाले, पण पुढे नीट सांगता आलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण काम वाटून देणारी मीच होते.

शाळेत दोन मतं पडली. काहीजण म्हणतात, नाटकातून शब्दच काढून टाका, ‘निजामाचे शिपाई’ म्हणा. बाकीचे म्हणतात, ज्यांनी आमच्या आज्याचं घर जाळलं त्यांचं नावही घ्यायचं नाही तर मग हा दिवस कशाला पाळायचा? शब्दाचा मूळ अर्थ काय, आपल्याकडे तो कसकसा वापरतात आणि मुलांना काय सांगावं?

जुना कोश

मूळ अरबी. ‘रझा’ म्हणजे संमती, खुशी. त्याला फारसी ‘कार’ जोडला की रझाकार : स्वखुशीनं काम करणारा, स्वयंसेवक. पाकिस्तानात आजही उर्दूत हा शब्द साध्या स्वयंसेवकासाठी वापरतात.

त्या अरबी धातूची भावंडं आपण रोज वापरतो. ‘रजा’ म्हणजे मुळात परवानगी. वरिष्ठांनी जायची परवानगी दिली ती रजा, मग सुट्टीच रजा झाली. ‘राजी’ तिथलाच, ‘राजीखुशी’ही. ‘राजीनामा’ म्हणजे पूर्वी संमतीचा कागद. ‘नाराज’ म्हणजे जो राजी नाही तो. इतकंच काय, रजाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याचं आडनावही त्याच कुळातलं, इमाम रझा यांच्या नावावरून आलेलं.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचं कोशातलं उत्तर सोपं आहे. शब्दाच्या पोटात धर्म नाही. तो नंतर चिकटला, आणि कोणी, कधी चिकटवला हेही ठाऊक आहे. निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षानं आपल्या सशस्त्र स्वयंसेवक दलाला हे नाव दिलं. 1946 पासून रझवी पक्षाचा अध्यक्ष होता. हा लातूरचा वकील, बाई, तुमच्याच जिल्ह्यातला.

मन्याड

अर्थ बरोबर, पण वापर सांगायचा तर आमच्या कंधारकडं या म्हाताऱ्यांकडून ऐकावा. त्यांच्या तोंडी रजाकार म्हंजे माणूस नसतोच, काळ असतो. “ही हीर रजाकारात पडली.” “तुझा आज्जा रजाकारात सरहद्दीवरच्या कॅम्पात व्हता.” माझ्या आजीला स्वतःचं जन्मसाल माहीत नव्हतं, रजाकारात ती पाळण्यात होती एवढंच ती सांगायची. दुष्काळाचं साल सांगावं तसं.

दुसरा वापर : ‘रजाकारी’. कोणी दांडगाई केली, बांध कोरला, की “रजाकारी लावली का रे?” म्हणतात. ही शिवी जातधर्म बघून देत नव्हते. आमच्या गल्लीत ती सगळ्यात जास्त वेळा एका पाटलाला पडली.

म्हणून शब्द काढून टाका म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती, काढू नका. हा शब्द गेला तर त्या म्हाताऱ्यांचं कॅलेंडरच जाईल. माझ्या आजीच्या बापाला रजाकारांनी गढीसमोर मारलं. त्याला ‘निजामाच्या शिपायानं मारलं’ म्हणणं खोटं आहे. शिपाई वेगळे, रजाकार वेगळे.

बीडकर

मी मुसलमान आहे, बीडला वाढलो, मराठी माध्यमात शिकलो. शब्द काढू नका, हे मीही म्हणेन. पण मन्याड यांनी सांगितलेला वापर आणि त्या मुलाच्या मागून येणारा आवाज यांत फरक आहे. पाटलाला ‘रजाकारी’ म्हटलं ते त्यानं बांध कोरला म्हणून. त्या पोरानं काय केलं? पहिल्या ठिकाणी शब्द कृत्याला लागला, दुसऱ्या ठिकाणी जन्माला. मलाही कॉलेजात कोणीतरी हसत हसत म्हटलं होतं. मीही हसलो. वीस वर्षं झाली, त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या घरात काळाचा शब्द दुसरा होता. दादी म्हणायची, “अ‍ॅक्शन के टैम पे.” म्हणजे 13 ते 17 सप्टेंबर 1948 ला भारत सरकारनं हैदराबादवर केलेली पोलीस अ‍ॅक्शन आणि त्यानंतरचे दिवस. तिचे दोन भाऊ त्या दिवसांत गेले. दोघेही शेतात राबणारे, रजाकारांशी संबंध नसलेले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीनं त्या दिवसांतल्या मृतांचा अंदाज 27,000 ते 40,000 असा दिला. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांना. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. आधी रजाकारांनी केलेले अत्याचारही त्यात नाकारलेले नाहीत. आणि त्यात एक नोंद आहे, तिच्यावर माझा जीव आहे : काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, आणि त्यापायी काहींनी स्वतःचा जीव गमावला.

शब्द म्हणून ‘पोलीस अ‍ॅक्शन’कडेही बघा. आले होते रणगाडे आणि लष्कर. पण हैदराबादनं तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे नेली होती, आणि हा देशांतर्गत मामला आहे असं म्हणायचं तर नाव पोलिसांचंच हवं. तेही नाव सरळ नाही.

काळा कोट

कायद्याचं थोडक्यात. हा शब्द उच्चारायला बंदी नाही आणि नसावी. संविधानाच्या कलम 19(1)(अ) नं बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं, 19(2) नं त्याला वाजवी मर्यादा घातल्या. धर्माच्या आधारे गटागटांत वैर पेटवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 196 आहे, पूर्वीचं 153-अ. पण एकाला चिडवणं आणि वैर पेटवणं यांत अंतर आहे. 2025 साली झारखंडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कोणाला ‘पाकिस्तानी’ म्हणणं अभिरुचीला सोडून आहे, पण तेवढ्यानं धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा होत नाही. बारा वर्षांच्या पोरांचा प्रश्न पोलीस ठाण्यात न्यायचाही नसतो. तो वर्गातच सुटायला हवा, आणि वर्गात बाईंच्या शब्दाला वजन आहे.

मन्याड

बीडकर, तुमच्या दादीच्या भावांचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. आमच्याकडं ‘अ‍ॅक्शन झालं’ हे सुटकेचा श्वास टाकून म्हणतात. त्याच शब्दात दुसऱ्या घरात मयत असेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तुमचं म्हणणं मान्य. शब्द कृत्याला लागावा.

जुना कोश

बंदीच्या मुद्द्यावर आणखी एक. निजामी राज्यात शब्दांची आणि सभांची काय गत होती ते मुलांना जरूर सांगा. ‘गश्ती निशाण 53’ नावाच्या फर्मानानं सभा घ्यायलाही आधी परवानगी काढावी लागे. म्हणून हैदराबादच्या राजकीय परिषदा राज्याबाहेर भरल्या : 1923 ला काकीनाडा, मग मुंबई, पुणे आणि 1931 ला अकोला. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि वाटाघाटीत अडलं कुठे, तर ‘काँग्रेस’ या नावावर. ती बंदी 1946 साली उठली. त्याच 1938 मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या मुलांना ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल काढून टाकलं. ज्या लढ्यात नावासाठी आणि गाण्यासाठी माणसांनी तुरुंग भोगला, त्या लढ्याच्या दिवशी आपणच एक नाव गिळून टाकणं मला पटत नाही.

आणि शोएबुल्ला खान यांना नाटकात आणा. उर्दू दैनिक ‘इमरोज’चे संपादक. हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं लिहीत होते. ऑगस्ट 1948 मध्ये रजाकारांनी त्यांना रात्री रस्त्यात गाठून मारलं, लिहिता हात तोडला. “रजाकार म्हणजे मुसलमान का?” याला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्यापाशी नाही.

बीडकर

बांगलादेशातलंही सांगतो. तिथे 1971 पासून ‘राजाकार’ म्हणजे पाकिस्तानी लष्कराला साथ देणारा देशद्रोही, सगळ्यात जहरी शिवी. जुलै 2024 मध्ये आरक्षणाविरुद्धच्या आंदोलनात पंतप्रधानांच्या बोलण्यात तो शब्द आला आणि रात्री विद्यार्थी घोषणा देत बाहेर पडले : तुम्ही कोण, आम्ही कोण, राजाकार, राजाकार. मुसलमानांनीच मुसलमानांना दिलेली ही शिवी. सत्तेनं ती इतक्यांदा वापरली की तिची धारच गेली.

तेरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्गात फळ्यावर ‘रजा, राजी, राजीनामा, नाराज’ लिहिलं आणि विचारलं, यांचा पाचवा भाऊ कोण? कोणाला आलं नाही. मी ‘रजाकार’ लिहिल्यावर वर्ग गप्प झाला. मग शोएबुल्ला खान यांची गोष्ट सांगितली. हात तोडल्याचं ऐकून मागच्या बाकावरचा एकजण, आवाज काढणाऱ्यांतलाच, म्हणाला, “म्हंजे त्यांनी आपल्यातल्याला पण मारलं?” ‘आपल्यातल्याला’ हा शब्द त्यानं कोणत्या अर्थानं वापरला हे मी विचारलं नाही.

यंदा कामं चिठ्ठ्या टाकून वाटणार आहे. एक शंका राहिली : गेल्या वर्षी निजामाचं निशाण म्हणून मुलांनी हिरवा झेंडा धरला होता, दर्ग्यावर असतो तसा. ते बरोबर आहे का?

जुना कोश

नाही. आसफजाही निशाण पिवळं, मधोमध पांढरा गोल. त्याला कुलचा म्हणतात, भाकरीसारखी खायची वस्तू. पहिल्या निजामाला एका सूफी फकिरानं कुलचे खायला दिले, त्यानं सात खाल्ले आणि तितक्या पिढ्यांच्या राज्याचा आशीर्वाद मिळाला, अशी दंतकथा आहे. दर्ग्याचं हिरवं निशाण नाटकात अजिबात नको. ते गावातल्या श्रद्धेचं आहे, राजवटीचं नव्हे. पिवळं कापड घ्या आणि पांढरं वर्तुळ शिवा.

तेरणाकाठ

शिवते. आणि फलकावर ‘रझाकार’ लिहू की ‘रजाकार’?

जुना कोश

उर्दू उच्चाराला ‘रझाकार’ जवळचं. पण मन्याड यांच्या आजी ‘रजाकार’ म्हणत असतील, तर फलकावर तेच राहू द्या. फक्त सुटा शब्द लिहू नका. ‘कासिम रझवीच्या रजाकार संघटनेने’ असं पूर्ण लिहा, आणि खाली वर्ष घाला.