गुहागरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या १.२ पेट्रोल गाडीला कुठलं ऑइल, आणि किती महिन्यांनी बदलायचं?

खाडीकाठ, गुहागर

नमस्कार मंडळी. गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१९ ची, पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास. रोज घर ते बाजार तीन-चार किलोमीटर, महिन्यातून एखादी चिपळूण फेरी. वर्षाला जेमतेम पाच हजार होतात.

मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० आणि "१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष" असं आहे. गॅरेजवाला म्हणतो, एवढं पातळ ऑइल थंड देशांसाठी असतं, आपल्या उकाड्यात २०डब्ल्यू-५० घाला. कोणाचं ऐकायचं? किलोमीटर भरत नाहीत, तर ऑइल दोन वर्षं ठेवलं तर चालेल का? आणि पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून पिवळट-पांढरा, लोण्यासारखा थर दिसतो. हेड गॅस्केट (ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळू न देणारा इंजिनातला सील) गेलं समजायचं का?

पाना_१७, रत्नागिरी

ग्रेडचं आधी सांगतो. ०डब्ल्यू-२० च घाला.

बाहेरच्या उकाड्याचा आणि इंजिनातल्या ऑइलच्या तापमानाचा संबंध लोक समजतात तेवढा नसतो. थर्मोस्टॅट कूलंटला ८०-९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, मग बाहेर मे महिना असो की जानेवारी. गरम इंजिनात ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर असतं. डब्यावरचा दुसरा आकडा म्हणजे १०० अंशांवरचा दाटपणा: २० ग्रेडचं ऑइल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक), ३० चं ९.३ ते १२.५, आणि ५० चं १६.३ ते २१.९. म्हणजे २०डब्ल्यू-५० तुमच्या इंजिनाला हवं त्याच्या दुपटीहून दाट. इंजिन थंड असताना तर फरक आणखी वाढतो. ४० अंशांवर ०डब्ल्यू-२० साधारण ४५ सेंटिस्टोक असतं, २०डब्ल्यू-५० दीडशेच्या वर. तुमची गाडी तीन किलोमीटरच चालते, त्यामुळे ती बहुतेक वेळ थंडच असते.

दाट ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोचतं. टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर ताणला जातो. व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल तर तिचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, बारीक छिद्रांतून ऑइल फिरवतो. या दोन्हींसाठी पातळ ऑइल हिशेबात धरलेलं असतं. "इंजिन शांत चालतं" हे खरं आहे, कारण दाट थर खडखड दाबतो. पण शांत चालणं आणि कमी झिजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ॲव्हरेज पडतं ते निराळं.

मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० च्या जोडीला ५डब्ल्यू-३० चाही पर्याय छापला असेल आणि भरल्या गाडीने आंबा घाट किंवा कुंभार्ली वरचेवर चढत असाल, तर ५डब्ल्यू-३० घ्यायला हरकत नाही. पर्याय छापलेला नसेल तर नको.

डब्यावर एपीआय एसपी बघा. हा दर्जा २०२० मध्ये आला आणि एसएन हा जुना दर्जा मागणाऱ्या इंजिनांना तो चालतो. "एस" ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोलची, "सी" ची डिझेलची. बुलेटसाठी आणलेलं २०डब्ल्यू-५० तर मुळीच नको. ते जेएएसओ एमए या दुचाकींच्या दर्जाचं असतं, म्हणजे ऑइलात बुडालेल्या, ओल्या क्लचसाठी बनवलेलं.

घाटवाट, चिपळूण

ग्रेडवर वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. पण मला तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. किनाऱ्यावर ऑइल उष्णतेने कमी आणि पाण्याने जास्त खराब होतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातलं बरंचसं सायलेन्सरवाटे जातं, थोडं पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल चांगलं तापलं तर ही वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ खेचून घेणारी झडप) परत ओढली जाते. तीन किलोमीटरमध्ये कूलंटचा काटा वर येतो, पण ऑइल मागेच राहतं. ते पुरतं तापायला पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. त्यात थंड इंजिनाला जादा पेट्रोल दिलं जातं, तेही थोडं खाली झिरपतं. पाणी, कच्चं पेट्रोल आणि ज्वलनातली आम्लं एकत्र आली की आम्ल मारणारी रसायनं संपत जातात. उभ्या गाडीतही बेअरिंगं त्याच ऑइलात बसलेली असतात.

म्हणून दोन वर्षं अजिबात ठेवू नका. मॅन्युअलमध्ये "कठीण परिस्थिती" असा वेगळा तक्ता असतो, त्यात छोट्या फेऱ्या आणि धूळ दोन्ही धरलेल्या असतात आणि मुदत साधारण निम्मी होते. तुमच्या वापराला मी सहा महिने सांगेन: एकदा मेअखेर, एकदा दिवाळीच्या सुमारास. वर्षाचा एकच बदल परवडत असेल तर तो पावसाळा संपल्यावर करा, म्हणजे चार महिन्यांचं ओलं ऑइल पुढे वागवायला नको.

झाकणाखालचा थर हा त्याच वाफेचा. झाकण इंजिनातली सगळ्यात थंड जागा, तिथे वाफेचं पाणी होऊन ते ऑइलमध्ये घुसळलं जातं. एवढ्यावर हेड गॅस्केट गेलं म्हणू नये. डिपस्टिक काढून बघा. काठीवरचं ऑइल स्वच्छ तपकिरी असेल, कूलंटच्या टाकीची पातळी उतरत नसेल आणि गरम गाडी गोडसर वासाचा पांढरा धूर सोडत नसेल, तर काळजी नाही. थर फडक्याने पुसा आणि चिपळूणपर्यंतचे ४०-४५ किलोमीटर एकदा सलग चालवा. महिन्यातून एक फेरी पावसाळ्यात कमी पडते, आठवड्याला अर्धा तास तरी गाडी मोकळी पळू द्या. काठीवरही दुधाळ रंग दिसला, तर मात्र इंजिन बंद ठेवून तपासणी करा.

डिझेल_कुडाळ

डिझेलवाल्यांसाठी एक भर. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं. दर वेळी गाडी मध्येच बंद केली तर ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी *वाढते*. पातळी वाढली म्हणून खूश होऊ नका. वरच्या खुणेच्या पलीकडे गेली तर ऑइल बदला, कारण ते पातळ झालेलं असतं. या गाड्यांना मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचं ऑइल, बहुतेक वेळा एसीईए सी२ किंवा सी३ या युरोपियन दर्जाचं, तेच लागतं. जुन्या डिझेलचं १५डब्ल्यू-४० घातलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती जळून जात नाही.

गणपतीपर्यंत गाडी गावी उभी ठेवणाऱ्या चाकरमान्यांनी ऑइल उभी करण्याआधी बदलावं, नंतर नाही. आणि शेजाऱ्याला "रोज पाच मिनिटं चालू करून ठेव" असं सांगू नये. त्यात पाणी तयार होतं, पण उडून जायला वेळच मिळत नाही. चालवायचीच असेल तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर काढावी, नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून तशीच राहू द्यावी.

खाडीकाठ, गुहागर

खूप उपयोगी माहिती, आभार. मग यंदा घरीच बदलू म्हणतो. ऑइल सोडायचा खालचा बोल्ट गंजलेला दिसतोय. किती ऑइल लागेल आणि काय जपायचं?

पाना_१७, रत्नागिरी

१.२ पेट्रोलला फिल्टरसकट साधारण तीन ते साडेतीन लिटर लागतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि साडेतीन लिटरचा डबा घ्या.

खाऱ्या हवेत पत्र्याचा संप (इंजिनाखालचं ऑइल साठायचं भांडं) आणि बोल्टचं डोकं गंजतं, म्हणून आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. बाराकोनी पाना गंजलेल्या डोक्यावर घसरतो, सहाकोनी सॉकेटच वापरा. बहुधा १४ किंवा १७ नंबर बसेल, पण बोल्टवर लावून बघितल्याशिवाय जोर देऊ नका. नवा बोल्ट आणि वॉशर आधीच आणून ठेवा, स्वस्त असतात.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा, ऑइल कोमट हवं, उकळतं नको. जागा सपाट आणि कडक हवी. अंगणातल्या तांबड्या मातीत जॅक रुततो. हँडब्रेक, मागच्या चाकांना जांभ्याचे तुकडे, आणि गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकखाली कधीही शिरू नका. वरचं झाकण उघडून बोल्ट सोडा, वीसेक मिनिटं निथळू द्या. फिल्टर काढलात की जुनी रबरी रिंग फिल्टरबरोबर आली का ते बघाच. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि नवी तिच्यावर बसली, तर चालू केल्यावर काही मिनिटांत सगळं ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा, टेकेपर्यंत फिरवा, मग हातानेच पाऊण फेरा.

बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, बऱ्याच छोट्या गाड्यांत ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, मॅन्युअलचा आकडा पाळा. ॲल्युमिनियमच्या संपचे आटे जास्त जोराने उडतात आणि मग पूर्ण संप बदलावा लागतो. बोल्टच्या डोक्यावर बाहेरून ग्रीसचा पातळ हात फिरवा, आट्यांना लावू नका.

ठरलेल्यापेक्षा पाव लिटर कमी भरा. चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. विझला तर मिनिटभर चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघून उरलेलं थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या वर जाऊ नका. इंजिनातला फिरणारा क्रँक ऑइलला धडकून फेस होतो आणि फेसाला दाब येत नाही.

घाटवाट, चिपळूण

दोन गोष्टी राहिल्या. ऑइल बिलासकट घ्या, झाकणाखालची फॉइल शाबूत आहे आणि बॅच नंबर खरवडलेला नाही हे बघा. रिकामा डबा भोक पाडून टाका, नाहीतर त्यातच बनावट ऑइल भरून विकलं जातं.

जळकं ऑइल गटारात, परसात किंवा खाडीत ओतू नका. वाळवीसाठी वाशांना आणि कुंपणाच्या खांबांना फासायची आपल्याकडे सवय आहे, तीही सोडा. त्यात कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं असतात, पहिल्या पावसात ती विहिरीकडे धुपतात. हातमोजे घालून जुन्या डब्यात भरा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं, त्यामुळे गॅरेजवाला ते पुढे कोणाला देतो हेही विचारून घ्या.