शेजाऱ्यांनी ठेवायला दिलेली पेटी : बेने इस्राएल कुटुंबाचे कागद

प्रश्न
आमचे मूळ घर अलिबाग तालुक्यात आहे. शेजारचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठी भाषक यहुदी, कुटुंब 1950 च्या दशकात इस्रायलला गेले, तेव्हा त्यांनी एक पत्र्याची पेटी विश्वासाने माझ्या आजोबांच्या हवाली केली. तीत मोडी लिपीतील हिशेब, मराठी कीर्तनांची पुस्तके, तेलघाण्याच्या जागेचे कागद आणि काही छायाचित्रे आहेत. पानांना कसर लागू लागली आहे. हे कागद कसे जपावेत आणि या कुटुंबाचा इतिहास कुठे शोधावा?

प्रतिसाद 1
कागद उन्हात वाळवू नयेत, चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. बांधलेली पुडकी सोडण्याआधी, ती ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने छायाचित्रे घ्यावीत, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता हीदेखील माहितीच असते. पेटी आपल्याकडे कशी आली, ते आजच लिहून ठेवावे.

प्रतिसाद 2
आडनावातील ‘कर’च्या आधीचे गाव हा पहिला दुवा आहे, मात्र ते पूर्वजांचे गाव असते, शेवटच्या वास्तव्याचे असेलच असे नाही. त्या गावावर राज्य कोणाचे होते, यावर कोणते दप्तर शोधायचे ते ठरते. 1840 च्या सुमारापर्यंत अलिबागचा परिसर आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात होता, तर मुरूडकडील गावे 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होती. जुन्या नोंदींत हा समाज ‘शनिवार तेली’ (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली) म्हणूनही आढळतो, त्यामुळे केवळ ‘यहुदी’ हा शब्द शोधल्यास बरेच काही निसटते. तलाठी दप्तरातील जुनी जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे तेव्हाचा गाव नमुना 14, अवश्य पाहावी.

प्रतिसाद 3
कबरस्तानही पाहावे. शिळेवरील अक्षरे सकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात. त्यांवर खडू किंवा आम्ल लावू नये. हिब्रू वर्ष अंकांऐवजी संख्यामूल्य असलेल्या हिब्रू अक्षरांत असते आणि हजाराचा आकडा (5000) बहुधा गाळलेला असतो. उरलेल्या संख्येत 1240 मिळवल्यास इसवी सन मिळतो; 608 म्हणजे 1848, ज्या वर्षी अलिबागचे मागेन आबोथ सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर) उभे राहिले. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हिब्रू नववर्षापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी एक वर्ष वजा करावे.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा ऋणी आहे. या रविवारी छायाचित्रे घेण्यास सुरुवात करतो. कुटुंबाचे वारस सापडेपर्यंत मूळ कागद कोणत्याही संस्थेला कायमचे देणार नाही, कारण आजोबांनी ते सांभाळण्यासाठी घेतले होते.