वर्कर कनेक्शन्स वाढवण्याआधी फाइल लिमिट बघा
एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे वर्कर कनेक्शन्स (म्हणजे त्याची एक वर्कर प्रोसेस एकाच वेळी किती कनेक्शन्स सांभाळेल ती सेटिंग) थेट १०,००० करा, असं काही जण सुचवतात. नुसतं तेवढ्याने भागणार नाही. प्रत्येक कनेक्शनला एक फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलला किंवा कनेक्शनला सिस्टिम देते तो क्रमांक) लागतो आणि लिनक्सवर एका प्रोसेसला मिळणाऱ्या डिस्क्रिप्टरची सॉफ्ट मर्यादा (वाढवता येणारी चालू मर्यादा) बहुतेकदा १०२४ च असते. एनजिनएक्सच्या मागे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर असेल तर एका क्लायंटमागे दोन डिस्क्रिप्टर जातात (एक क्लायंटकडचा, एक त्या सर्व्हरकडचा), म्हणजे दर वर्करला पाचशेच्या आसपासच गाडी अडते. आधी एरर लॉगमध्ये 'टू मेनी ओपन फाइल्स' दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर एनजिनएक्सच्या कॉन्फिगमधली 'वर्कर आरलिमिट नोफाइल' (वर्करची फाइल मर्यादा) ही सेटिंग वाढवा. टर्मिनलवर यूलिमिट (ही मर्यादा बदलायची कमांड) वापरून सिस्टिमडीने (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने) चालवलेल्या सर्व्हिसला काहीच फरक पडत नाही, इथे फार जण फसतात! कीपअलाइव्ह टाइमआउट (रिकामं कनेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं ती मुदत) मुळात ७५ सेकंदांचा असतो, तोही कमी करून पाहा.