कोलायटिस असताना प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न

माझे वय ६६ आहे. गेली २२ वर्षे मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला वारंवार सूज व व्रण येण्याचा आजार) आहे. मेसालामाइन आणि अ‍ॅझाथायोप्रिन या औषधांवर तो सध्या शांत आहे. मात्र चार वर्षांपूर्वी तो उसळला तेव्हा दिवसातून पंधरा वेळा रक्त-आव पडत असे आणि ते दिवस मी विसरलेलो नाही. अलीकडे पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) ८.२ आला आणि बायोप्सीत प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. ग्लीसन, म्हणजे कर्करोगाच्या आक्रमकतेची श्रेणी, ३+४ (यात ‘४’ हा अधिक आक्रमक भाग), आणि एमआरआयनुसार आजार ग्रंथीच्या आतच आहे. रेडिएशनच्या डॉक्टरांनी कोलायटिसचे नाव ऐकताच हात आखडता घेतला. युरोलॉजिस्ट रोबोटिक शस्त्रक्रिया सुचवतात, पण आतड्याचे काय होईल असे विचारले की “आतड्याला आम्ही हात लावत नाही” एवढेच म्हणतात. शस्त्रक्रियेच्या निमित्ताने कोलायटिस पुन्हा उसळला आणि त्याच वेळी लघवीवरचा ताबाही सुटला, तर माझे घराबाहेर पडणेच बंद होईल. मग शस्त्रक्रिया करावी, की हा आजार अंगावर काढावा?

उत्तर १

मलाही कोलायटिस आहे आणि पाच वर्षांपूर्वी माझी हीच शस्त्रक्रिया झाली. कोलायटिस उसळला नाही, परंतु त्रास झाला तो ज्याचा विचारच केला नव्हता अशा गोष्टीचा. वेदनाशामकांमुळे मला बद्धकोष्ठ झाले. वीस वर्षे जुलाबांशी झुंजलेल्या माणसाला कुंथावे लागणे ही थट्टाच म्हणायची, पण कॅथेटर असताना ती अजिबात गमतीची वाटत नाही. दुसरे असे, की शौच रोखून धरणारे आणि लघवी रोखून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बरेचसे एकच असतात. त्यांचे व्यायाम शस्त्रक्रियेआधीच एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्यावेत. मी ते नंतर सुरू केले, आणि पॅड सुटायला आठ महिने लागले.

उत्तर २

मी निवृत्त शल्यचिकित्सक आहे. आपले कागद पाहिलेले नसल्यामुळे सल्ला देत नाही, फक्त विचाराची दिशा सांगतो.

युरोलॉजिस्टांचे म्हणणे खोटे नाही, अपुरे आहे. प्रोस्टेट गुदाशयाच्या अगदी पुढे असते आणि दोहोंमध्ये एक पातळ पडदा असतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसची सूज प्रामुख्याने आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती राहते, त्यामुळे हा पडदा सहसा चिकटलेला नसतो आणि गुदाशयाला इजा न करता ग्रंथी सुटी करता येते. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजारात सूज आतड्याच्या भिंतीच्या आरपार जाते, गुदद्वाराजवळ भगंदरे होतात, आणि तिथे हे गणित बदलते. याउलट रेडिएशनचा काही भाग गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर पडतोच. मध्ये जेलचा थर भरून तो कमी करता येतो, शून्य करता येत नाही. म्हणून आतड्याचा विचार केला तर शस्त्रक्रियेकडे झुकणे सयुक्तिक आहे.

पण दोन प्रश्न आधी सोडवावेत. पहिला, कोलायटिस खरोखर शांत आहे की केवळ लक्षणे नाहीत? शौचातील कॅलप्रोटेक्टिनची (आतड्यातील सूज दाखवणाऱ्या प्रथिनाची) तपासणी आणि कोलोनोस्कोपी केल्याशिवाय हे कळत नाही. बावीस वर्षांच्या कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठीही ही तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते. तिच्यात पेशींचे पूर्वकर्करोगी बदल सापडले, तर सगळा बेतच बदलू शकतो, कारण मोठे आतडे काढून लहान आतड्याची पिशवी ओटीपोटात बसवण्याची वेळ आली तर रेडिएशन झालेल्या ओटीपोटात ती नीट टिकेल याची खात्री कमी होते, आणि पिशवी आधी बसवली तर नंतर प्रोस्टेट काढणे अवघड होते. कोणते काम आधी करायचे हे एकट्या युरोलॉजिस्टने ठरवण्यासारखे नाही.

दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. शस्त्रक्रियेनंतर पीएसए पुन्हा वाढू लागला, तर पुढचा उपचार बहुधा त्याच जागी रेडिएशन हाच असतो. म्हणजे आतडे वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया निवडायची असेल, तर ती एवढ्यावरच पुरी होण्याची शक्यता आपल्या बाबतीत किती आहे, हे विचारून घ्या.

उत्तर ३

शस्त्रक्रिया की रेडिएशन, एवढाच प्रश्न का? ब्रिटनमधील प्रोटेक्ट या चाचणीत १,६४३ पुरुषांना देखरेख (लगेच उपचार न करता नियमित तपासण्या), शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागले होते. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचे निष्कर्ष आले, तेव्हा तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेटच्या कर्करोगाने सुमारे ३ टक्केच लोक दगावले होते आणि गटागटांत त्याबाबत लक्षणीय फरक नव्हता. त्यातील बहुतेकांचा आजार सौम्य होता, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नये. परंतु ३+४ मधील ‘४’चा वाटा अगदी थोडा असेल, तर देखरेखीचा पर्यायही चर्चेत यायला हवा. घाबरून आठवड्याभरात निर्णय घेण्याची गरज सहसा नसते.

उत्तर ४

माझ्या वडिलांच्या अनुभवावरून थोडी भर घालते. कोलायटिस असल्याचे भूलतज्ज्ञांना आणि वॉर्डातील परिचारिकांनाही स्वतंत्रपणे सांगा. डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅकसारखी वेदनाशामके शस्त्रक्रियेनंतर सर्रास दिली जातात आणि त्यांनी कोलायटिस उसळू शकतो. वडिलांच्या कागदावर ती लिहिली गेली होती, आम्ही विचारल्यावर खोडली. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही वाढलेला असतो, म्हणून गुठळ्या रोखणारी इंजेक्शने घरी गेल्यावर किती दिवस घ्यायची हेही विचारा. आणि नंतर जुलाब सुरू झाले तर कोलायटिसच समजून घरातले जुने स्टेरॉइड सुरू करू नका. प्रतिजैविकांनंतर क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचा आतड्यात संसर्ग होऊ शकतो, त्याची शौचतपासणी आधी व्हावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. कोलोनोस्कोपी तीन वर्षे झालेलीच नाही, हे उत्तर २ वाचताना लक्षात आले; ती पुढच्या आठवड्यात ठरवली आहे. बायोप्सीचा अहवाल पुन्हा काढून पाहिला, त्यात ‘४’चा वाटा १० टक्के लिहिला आहे आणि तो मला आजवर कोणी समजावून सांगितला नव्हता. कोलोनोस्कोपीचा निकाल आल्यावर पोटाच्या डॉक्टरांना आणि युरोलॉजिस्टांना एकमेकांशी बोलण्याची विनंती करणार आहे. तोपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख घेतलेली नाही.